फॅटी लिव्हर आणि पोटातले जिवाणू: आधी काय थांबवायचं, मग काय वाढवायचं

सोनोग्राफीच्या कागदावर 'ग्रेड २ फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात चरबी साठली आहे, असं आलं की त्याच संध्याकाळी मेडिकलमधून लिव्हर टॉनिकची बाटली घरी येते. दुसऱ्या दिवशी कुणी सांगितलं म्हणून मध-लिंबूपाणी सुरू होतं. तिसऱ्या दिवसापासून वाटीभर मोड आलेली मटकी आणि तांब्याभर ताक. आठवडाभरात पोट फुगतं, ढेकर थांबत नाहीत आणि 'आपल्याले हे मानवत नाही' म्हणत सगळं बंद होतं. चहातली साखर मात्र या सगळ्या दिवसांत होती तेवढीच असते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमध्ये आहार सल्ल्याचं काम करताना हे मी पुन्हा पुन्हा पाहते आहे. लोक निवडतात ते पदार्थ बहुतेक वेळा बरोबर असतात. क्रम चुकतो आणि घाई होते. जे काढायचं ते आधी काढावं लागतं. जे वाढवायचं ते नंतर, चमच्या-चमच्याने वाढवावं लागतं.

## एवढा क्रम कशासाठी?

आतड्यातून निघालेलं रक्त थेट यकृताकडे जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश याच वाटेने येतं. म्हणजे आतड्यात जे काही तयार होतं किंवा झिरपतं, त्याचा पहिला मुक्काम यकृतात पडतो.

मोठ्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियम, फीकॅलिबॅक्टेरियम, अक्करमॅन्सिया असे अनेक उपयोगी जिवाणू राहतात. आपल्याला न पचणारे तंतू, म्हणजे कोंडा, साली, कडधान्यांतला चोथा, हे यातल्या बहुतेकांचं अन्न. ते खाऊन ते ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर जगतात. तंतू मिळाले नाहीत की काही जिवाणू अस्तरावरचा चिकट थरच खाऊ लागतात. थर पातळ झाला की जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात, यकृतात पोचतात आणि तिथे सूज धरते. साखरेचं वेगळंच आहे. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि जास्तीच्या फ्रुक्टोजची यकृत थेट चरबी करतं.

"मॅडम, मी त दारूले हातबी लावत नाही, मंग लिव्हर कायनं बिघडलं?" हा प्रश्न मला दर शिबिरात येतो. उत्तर बहुतेकदा साखर, तेल, पॉलिशचा भात आणि पोटाचा घेर यांत सापडतं. २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी असंही मांडलं की काही रुग्णांच्या आतड्यातले क्लेबसिएला जातीचे जिवाणू खाल्लेल्या साखरेपासून पोटातच जास्त प्रमाणात दारू बनवत होते. हे सगळ्यांमध्ये होत नाही. पण साखर आधी का काढायची, हे त्यावरूनही कळतं. चांगल्या जिवाणूंना खुराक देण्याआधी उपद्रवी जिवाणूंचा खुराक तोडायला हवा.

## आधी हे बघा: कुणी थेट डॉक्टरांकडे जायचं

डोळे पिवळे, पोटात पाणी, पायांवर सूज, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, बोलण्यात गोंधळ किंवा दिवसा गुंगी, यातलं एकही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच दवाखाना गाठा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर साखर आणि भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. औषध तेवढंच राहिलं आणि खाणं एकदम घटलं, तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कडधान्यं आणि फळं किती घ्यायची हे विचारूनच ठरवा. गरोदर बाईने वजन उतरवायच्या मागे लागू नये. क्षयाच्या गोळ्या 'लिव्हरवर गरम पडतात' म्हणून कुणीही परस्पर बंद करू नयेत.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. सिकलसेल असलेल्या माणसाचे डोळे रक्तपेशी फुटण्यामुळेही पिवळे दिसतात. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं म्हणून पिवळेपणाचं खापर त्यावर फोडू नका. सिकलसेलचं कार्ड सोबत न्या आणि ते डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा १: मोजून, लिहून ठेवा (पहिला आठवडा)

या आठवड्यात खाण्यात काहीच बदलायचं नाही. फक्त मोजायचं. लोक नेमका हाच आठवडा गाळतात आणि तीन महिन्यांनी 'फरक पडला का' हे कळायला हातात काही नसतं.

१. पोटाचा घेर. शिंप्याचा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सकाळी, उपाशीपोटी, श्वास सोडून मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला असेल तर तो जास्त आहे. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली बांधलेली असते.

२. वजन. घरी काटा नसेल तर उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. दर वेळी तोच काटा वापरा.

३. रक्ताच्या तपासण्या. एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की हे आकडे वाढतात), प्लेटलेट, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), आणि कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी. आयुष्यात एकदाही केली नसेल तर हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात यातलं काय होतं हे आधी विचारा, उगाच पैसे घालवू नका.

४. किराण्याचा हिशेब. महिन्याला साखर किती किलो, गूळ किती, तेल किती, खाणारी माणसं किती. गेल्या महिन्याचं किराण्याचं बिल हा तुमचा सगळ्यात खरा आहार-अहवाल आहे. 'आम्ही गोड खातच नाही' असं सांगणाऱ्या चार माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो साखर लागते, हे मी बिलावर वाचलेलं आहे.

### ग्रेड वाचताना होणारी चूक

ग्रेड १, २, ३ हे चरबी किती दिसते याचं मोजमाप आहे. यकृत किती कडक झालं, म्हणजे सुजेमुळे त्यात किती व्रण पडले, हे त्यावरून कळत नाही. ग्रेड १ असलेल्या माणसाचं यकृत कडक असू शकतं आणि ग्रेड ३ वाल्याचं मऊ. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून आजार नाही, असंही नाही.

कडकपणाचा पहिला अंदाज घरच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, ही झाली वरची संख्या. प्लेटलेट हजारांत घ्या, म्हणजे २,१०,००० असतील तर २१०. त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा, ही खालची संख्या. मग वरच्या संख्येला खालच्या संख्येने भागा.

समजा वय ४८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २,१०,०००. वर ४८ × ५२ = २४९६. चौसष्टचं वर्गमूळ ८, म्हणून खाली २१० × ८ = १६८०. भागाकार आला साधारण १.४९.

१.३ च्या खाली आकडा असेल तर कडकपणाची शक्यता कमी. १.३ ते २.६७ असेल तर फायब्रोस्कॅनसाठी, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीसाठी, डॉक्टरांशी बोला. २.६७ च्या वर गेला तर यकृताच्या तज्ज्ञाकडे जायला उशीर करू नका. ६५ वर्षांपुढच्यांसाठी १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित नीट लागू पडत नाही. वरच्या उदाहरणातल्या माणसाला कुणी 'ग्रेड १ आहे, काही नाही' म्हणून घरी पाठवलं असतं, तर ती चूक ठरली असती.

तपासा: घेर, वजन, रिपोर्ट आणि किराण्याचा हिशेब एका वहीत तारखेसह आले का? आले असतील तरच पुढे.

## टप्पा २: काढायचं ते काढा (दुसरा आणि तिसरा आठवडा)

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच गळतात. म्हणून यावर जरा सविस्तर.

चहा. दिवसाचे पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम. बाहेरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेली बरी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एकट्या चहातच दुप्पट झाली. एकदम बंद करू नका. चार दिवस दीड चमचा, चार दिवस एक, पुढचे चार दिवस अर्धा, मग फिका. जीभ दोन आठवड्यांत सरावते. चहा पातेल्यात सगळ्यांचा एकत्र, साखर घालूनच उकळतो, ही घरातली खरी अडचण. साखर वरून घालायची पद्धत पाडा. आणि पाहुणे म्हणून गेलात तर दारातच सांगा, "माया चहा फिका ठेवजा." कप हातात आल्यावर सांगून उपयोग नसतो.

गूळ, मध आणि खडीसाखर. इथे फसगत होते. गुळात बहुतांश साखरच आहे आणि मधात तर फ्रुक्टोज मोकळंच असतं. यकृताला रंगाने फरक पडत नाही. साखरेऐवजी गुळाचा चहा घेणं म्हणजे काहीच न बदलणं.

थंड पेय, उसाचा रस, पाकिटातलं सरबत. बाटलीतल्या थंड पेयात १०० मिलीलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा घशाला काहीतरी लागतंच. मीठ-जिऱ्याचं पातळ ताक, साखरेविना लिंबूपाणी, माठातलं पाणी. आमरसात वरून साखर घालू नका आणि वाटीच्या जागी फोडी खा.

संत्री. संत्र्यांच्या मुलखात राहून रस काढून पिणं सोडा. तीन-चार संत्र्यांची साखर एका ग्लासात उतरते आणि चोथा, जो जिवाणूंचा वाटा आहे, तो फेकला जातो. रोज एक संत्रं, फोडींवरच्या पांढऱ्या धाग्यांसकट खा.

तेल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला माणशी साधारण २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घरात १५ किलोचा तेलाचा डबा साडेतीन महिन्यांच्या पुढे जायला हवा. बहुतेक घरांत तो दीड-दोन महिन्यांत तळ दाखवतो. डबा उघडल्याची तारीख त्याच्यावरच लिहा. रश्श्यावर तेलाची तर्री दिसलीच पाहिजे हा हट्ट आठवड्यातल्या एका दिवसापुरता ठेवा. तळून उरलेलं तेल पुन्हा तापवू नका.

बेकरी आणि पाकिटं. चहासोबतचे टोस्ट, खारी, बिस्किटं. 'डायजेस्टिव्ह' लिहिलेल्या बिस्किटातही मैदा, साखर आणि पामतेल असू शकतं. पाकिटामागची यादी वाचा, पहिल्या तीन घटकांत साखर किंवा मैदा असेल तर परत ठेवा.

दारू. देशी, मोहाची, बिअर, काहीही असो, पूर्ण बंद. यकृतात चरबी असताना 'थोडी चालते' असा सुरक्षित आकडा मी कुणाला देत नाही. रोज पिणाऱ्याने मात्र एकदम, एकट्याने सोडू नये. हातपाय थरथरणं, झटके येणं असे प्रकार होतात. डॉक्टरांच्या देखरेखीत सोडा.

> सावधान: या दोन आठवड्यांत उपाशी राहू नका. 'लवकर उतरू दे' म्हणून एक वेळ जेवणं सुरू केलं तर चरबी शरीरातून सुटून यकृतावरच येते. आठवड्याला अर्धा ते एक किलो, एवढंच वजन उतरू द्या.

तपासा: बारा दिवसांनी चहा फिका झाला का? घरात थंड पेयाची बाटली आली का? यात ढिलाई असेल तर टप्पा ३ कडे जाऊ नका, आणखी एक आठवडा इथेच थांबा.

## टप्पा ३: ताट बदला (चौथा ते सहावा आठवडा)

आता जिवाणूंच्या जेवणाची पाळी.

आधी एक गैरसमज. ज्वारीत फार तंतू आणि गव्हात काहीच नाही, असं लोक समजतात. खरं तर न चाळलेलं, कोंड्यासकट गव्हाचं पीठही तंतूंना कमी नाही. १०० ग्रॅमला दोन्हींत साधारण दहा-अकरा ग्रॅम. बिघडतं ते बारीक चाळण्याने. कोंडा गाईला आणि पांढरी पोळी घरधन्याला! पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात तर तीन ग्रॅमही तंतू नाहीत. म्हणून भंडारा-गोंदियाकडच्या भातखाऊ घराला जेवढा बदल करावा लागेल, तेवढा अकोला-बुलढाण्याकडच्या भाकर खाणाऱ्या घराला करावा लागणार नाही.

१. पहिल्या आठवड्यात दोनपैकी एका जेवणात ज्वारीची भाकर किंवा न चाळलेल्या पिठाची पोळी. दुसऱ्या जेवणातला भात निम्म्यावर.

२. दुसऱ्या आठवड्यात भाजी वाढवा. कच्ची आणि शिजवलेली मिळून दिवसाला ४०० ग्रॅमपर्यंत जायचं आहे, म्हणजे प्रत्येक जेवणात दोन वाट्या. अंबाडी, चिवळ, घोळ, तरोटा, चवळी, हरभऱ्याचा पाला, ढेमसं, दोडकं, वांगं. बाजाराच्या गावी जाऊन ब्रोकोली शोधायची काही गरज नाही. पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटा जिवाणूंना तितकाच चालतो. बांधावर तणनाशक मारलं असेल तर मात्र तिथली भाजी तोडू नका.

३. तिसऱ्या आठवड्यात जवसाची चटणी, दिवसाला एक ते दोन चमचे. जवस आख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं. भाजून कुटलेलंच पाहिजे आणि आठवड्याला पुरेल एवढंच कुटायचं, नाहीतर खवट होतं.

ताटाची मांडणी सोपी ठेवा. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट भाकर किंवा भात, पाव ताट वरण, उसळ, अंडं किंवा मासा. आणि जेवायला सुरुवात भाजी-वरणाने करा, भाताने नको.

शिळी भाकर. शिजलेली ज्वारी किंवा तांदूळ थंड झाला की त्यातल्या काही पिठाचं रूप बदलतं. ते लहान आतड्यात पचत नाही, खाली जिवाणूंपर्यंत पोचतं. अशा न पचणाऱ्या पिठावर चीनमध्ये फॅटी लिव्हरच्या २०० रुग्णांचा चार महिन्यांचा अभ्यास झाला. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत यकृतातली चरबी घटलेली दिसली. तिथे मक्यापासून काढलेली पूड मोजून दिली होती. आपल्या शिळ्या भाकरीत ते पीठ त्यामानाने थोडंच, तेव्हा ती औषध म्हणून खाऊ नका. पण सकाळी टोस्टऐवजी शिळी भाकर आणि ताक हा न्याहारीचा उत्तम बदल आहे.

> सावधान: शिळ्या भाताला हा नियम लावू नका. उन्हाळ्यात भात रात्रभर चुलीजवळ राहिला तर त्यात विष तयार करणारे जिवाणू वाढतात आणि गरम केल्याने ते विष जात नाही. फ्रिज नसेल तर भात त्याच वेळी संपेल एवढाच रांधा.

## टप्पा ४: कडधान्यं, चमच्याने (सातवा ते नववा आठवडा)

सालीसकट हरभऱ्यात १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम तंतू असतात, तूरडाळीत ९ च्या आसपास. म्हणजे फक्त वरणावर भागत नाही, सालीसकट कडधान्य हवं. पण हेच सगळ्यात जास्त वायू धरतं आणि इथेच लोक हार मानतात.

वायू होतो कारण जिवाणू ते अन्न खात असतात. त्यांची संख्या अजून त्या अन्नाला पुरेशी नसते. तीन आठवडे दिले तर ती जुळते. तेव्हा असं करा:

१. हरभरा, मटकी, मूग, बरबटी (चवळी) रात्री भिजवा, आठ ते दहा तास. ते पाणी फेकून द्या. वायू करणाऱ्या शर्करा बऱ्याच त्या पाण्यात उतरतात.

२. मोड आणा, पण कच्चे खाऊ नका. कुकरमध्ये बोटाने दाबून मऊ होईपर्यंत शिजवा. आपल्या उकाड्यात मोड आणताना घातक जिवाणूही वाढतात, म्हणून कच्च्या मोडांचा आग्रह मी धरत नाही.

३. पहिल्या आठवड्यात रोज दोन मोठे चमचे उसळ. दुसऱ्या आठवड्यात पाव वाटी. तिसऱ्यात अर्धी. पोट फुगलं तर एक पायरी खाली या आणि चार दिवस तिथेच थांबा. बंद करू नका.

४. पाणी वाढवा. तंतू वाढले आणि पाणी तेवढंच राहिलं, तर बद्धकोष्ठ होतं.

सुरुवात मुगापासून करा, तो पचायला हलका. हरभरा आणि वाल शेवटी. हिवाळ्यात तुरीचे सोले आणि पोपटाच्या (ओल्या वालाच्या) शेंगा आल्या की भिजवायचीही कटकट नाही. संध्याकाळच्या शेव-चिवड्याच्या जागी सालीसकट मूठभर फुटाणे. मात्र ते भाजलेलेच हवेत, तळलेले नकोत.

तपासा: शौचाला रोज, जोर न लावता होते का? पोट जेवणानंतर दोन तासांत हलकं होतं का? नसेल तर टप्पा ५ ला घाई नको.

## टप्पा ५: दही, ताक, आंबील (दहाव्या आठवड्यापासून)

लोक इथून सुरुवात करतात आणि मी हे शेवटच्या टप्प्यांत ठेवलं, त्याला कारण आहे. दह्यातले लॅक्टोबॅसिलस आतड्यात कायमचे घर करत नाहीत, येतात आणि काही दिवसांत निघून जातात. रोज थोडं घेत राहिलं तर त्यांचा उपयोग. राहणाऱ्या जिवाणूंना वाढवायचं काम तंतूच करतात. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या प्रोबायोटिक कॅप्सूल फॅटी लिव्हरसाठी घ्याव्यात असा पक्का पुरावा आज नाही. तेवढ्या पैशात महिन्याचा मूग आणि हरभरा येतो.

विरजण. दूध उकळून बोट सोसेल इतकं कोमट होऊ द्या. गरम दुधात विरजण घातलं की जिवाणू तिथेच मरतात आणि दही चिकट-पातळ होतं. उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं, मग गार जागी हलवा. हिवाळ्यात कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा. गुलाबी, नारिंगी डाग किंवा केस आलेले दिसले तर वरचा थर काढून खाऊ नका, सगळं फेका.

कढी. कढी किंवा कढी-गोळे चांगलेच, पण उकळल्यावर जिवंत जिवाणू उरत नाहीत. जेवण म्हणून खा, ताकाच्या हिशेबात धरू नका.

आंबील. तीन चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात रात्री कालवा. सकाळी पाणी घालून शिजवा, मीठ-जिरं. शिजवताना रात्रीचे जिवाणू मरतात, म्हणून आंबील कोमट झाल्यावर अर्धी वाटी ताजं ताक वरून मिसळा. ही शेवटची पायरी बहुतेक जणी विसरतात. ज्वारीच्या कण्यांनाही हेच लागू, ताक ताटात घ्या, पातेल्यात नको.

प्रमाण. दिवसाला एक वाटी दही किंवा दोन पेले पातळ ताक. साखर घातलेलं दही, लस्सी, फळांच्या चवीचं पाकिटातलं दही यात धरू नका. बाजारी लोणच्यात मीठ आणि तेलच जास्त, त्याला आंबवलेल्या पदार्थाचा मान देऊ नका.

दूध सोसत नसेल तर ताक अर्ध्या पेल्यापासून सुरू करा, बहुतेकांना ते चालतं.

## टप्पा ६: पावलं आणि झोप

"आम्ही शेतात राबतो, आम्हाले चालायची काय गरज?" राबता ते खरं. पण निंदण-फवारणीच्या दिवसांतली मेहनत आणि तूर निघाल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांतली मेहनत सारखी नसते. गावात गाडी आली की पांदणीची वाटही गाडीनेच होते. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं धरा. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी ते भरतं. रात्रीचं जेवण नऊ-दहा वाजता आणि लगेच अंथरूण, हे मोडा. दिवा लागल्यावर तासाभरात जेवण उरका.

## मध्येच गाडी घसरते ती ठिकाणं

उपास. साबुदाण्याची उसळ, आलूचा किस, शेंगदाण्याचे लाडू, वर गोड चहा. आठवडाभराची मेहनत एका सोमवारी जाते. भगर, ताक, मूठभर शेंगदाणे, काकडी, एखादं पेरू. एवढ्यात उपासही होतो आणि यकृताचंही भागतं.

अँटिबायोटिक. सर्दी, अंगदुखी झाली की मेडिकलमधून दोन-चार गोळ्या आणून खायच्या, ही सवय गावोगावी आहे. रोगाचे जिवाणू आणि पोटातले उपयोगी जिवाणू यांत ती गोळी भेद करत नाही. डॉक्टरांनी दिलं तर पूर्ण कोर्स घ्या, स्वतःहून एकही नको.

जडीबुटी. हे मला कळकळीने सांगायचं आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात फॅटी लिव्हर 'मुळातून बरं' करायला म्हणून दोन महिने काढा पाजला आणि माणूस काविळीने दवाखान्यात भरती झाला. गुळवेलीच्या काढ्यामुळे यकृताला सूज आल्याचे रुग्ण करोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनीही नोंदवले आहेत. ज्या पुडीवर आत काय आहे हे लिहिलेलं नाही, ती तोंडात घालू नका. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा घेतलेला काढा लपवू नका.

बारीक माणसं. सडपातळ माणसालाही फॅटी लिव्हर होतं. त्याने वजन उतरवण्याच्या मागे न लागता साखर, पोटाचा घेर आणि चालणं यांवर लक्ष द्यावं.

## टप्पा ७: पुन्हा मोजा

वजन आणि घेर दर रविवारी सकाळी. रोज वजन करू नका, पाण्याच्या चढउताराने मन खचतं.

समजा सुरुवातीला वजन ७२ किलो होतं. ५ टक्के म्हणजे ३.६ किलो उतरले की यकृतातली चरबी घटू लागते. ७ टक्के, म्हणजे ५ किलोवर, सूज कमी होण्याची आशा धरता येते. १० टक्के, ७.२ किलोपर्यंत गेलात तर कडकपणाही काही जणांत मागे येतो. हे सहा महिने ते वर्षाचं काम आहे.

तीन महिन्यांनी एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि साखर पुन्हा करा, फिब-४ पुन्हा मांडा. सोनोग्राफी सहा महिन्यांआधी करून पैसे वाया घालवू नका. ती शक्यतो त्याच ठिकाणी करा. ग्रेड डोळ्याच्या अंदाजाने ठरते, माणूस बदलला की ग्रेडही बदलू शकते.

तीन महिन्यांत घेर एक सेंटिमीटरही हलला नसेल तर नवीन पदार्थ शोधायला लागू नका. किराण्याचं या महिन्याचं बिल पहिल्या आठवड्यातल्या बिलाशेजारी ठेवा आणि साखर-तेलाच्या ओळी वाचा. तिथे फरक असूनही घेर तसाच असेल, तर वही, दोन्ही रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, सुरू असलेलं एखादं औषध किंवा हिपॅटायटिस, असं आहाराबाहेरचं काही कारण असेल तर ते त्या पिशवीवरूनच सापडेल.